कोल्हापुरात सँडविच शोधायचं असेल तर आधी पाव विसरा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो होतो. संध्याकाळी मेहुण्यानं राजारामपुरीतल्या एका गाडीवर नेलं. कढईतून थेट उचललेला वडा आला, सोबत तळलेली मिरची, लाल चटणी आणि ब्रेडच्या दोन स्लाइस. मी ठाण्याचा. वडा म्हटलं की पाव, हे आमच्याकडं बाराखडीच्या आधी शिकवतात. म्हटलं, "मामा, पाव द्या की." मामांनी माझ्याकडं बघितलं, मग मेहुण्याकडं. "पाहुणं कुठलं म्हणायचं?" एवढंच विचारलं आणि पुढचा घाणा सोडला. मेहुणा कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, पाव मागू नका. लोक बघायला लागल्यात."

त्याला बारा वर्षं झाली. आता ओळखीतलं कुणी अंबाबाईच्या दर्शनाला किंवा पन्हाळ्याला निघालं की मला फोन येतो, "तिकडं सँडविच वगैरे हलकंफुलकं कुठं चांगलं मिळतं रे?" मिसळ आणि तांबडा-पांढरा सगळ्यांना ठाऊक असतो, प्रश्न असतो मधल्या वेळेचा. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून काढतोय. दुकानांची यादी देणार नाही. गाड्या हलतात, हात बदलतात, काल चांगलं असलेलं आज तसंच असेल याची खात्री नसते. शोधायचं कसं ते सांगतो.

आधी काय शोधायचं ते ठरवा

कोल्हापूर हे स्लाइस ब्रेडचं गाव आहे. मिसळीबरोबर ब्रेड, वड्याबरोबर ब्रेड, आम्लेटबरोबरही बहुतेक ठिकाणी ब्रेडच. पाव मिळत नाही असं नाही, पण गावाची जीभ स्लाइसवर वाढली आहे. त्यामुळं दोन स्लाइसमध्ये काहीतरी दाबून खाण्याला सँडविच म्हणायचं असेल, तर या गावातलं सगळ्यात चांगलं सँडविच ज्या गाडीवर मिळतं, तिच्या पाटीवर 'सँडविच' हा शब्दच नसतो. पाटी वाचत फिरणारा माणूस इथं हमखास चुकतो.

माझ्या हिशेबात पाच प्रकार येतात.

पहिला आणि मुख्य, वडा-ब्रेड. कोल्हापुरी वडा आकारानं मोठा, वरचं बेसनाचं आवरण पातळ, आतला बटाटा जरा भरड ठेचलेला. तो एका स्लाइसवर ठेवायचा, वर दुसरी ठेवायची आणि तळहातानं हलकं दाबायचं. वडा मधोमध फुटला पाहिजे पण बाजूनं बाहेर यायला नको. हे जमायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

दुसरा, ब्रेड पॅटीस. दोन स्लाइसच्या मध्ये बटाट्याची भाजी, अख्खं प्रकरण बेसनात बुडवून तळलेलं आणि मग सुरीनं आडवं कापलेलं. हा प्रकार महाराष्ट्रभर मिळतो, पण इथं आतल्या भाजीत लसूण-मिरचीचा हात सैल असतो. बेकरीतलं मैद्याच्या पापुद्र्याचं पॅटीस वेगळं, त्याची इथं गल्लत करू नका. गाडीवर नुसतं "पॅटीस" म्हटलं की तळलेलंच येतं.

तिसरा, मिसळीचा ब्रेड. याला सँडविच म्हणणं तसं आगाऊपणाचं आहे. पण स्लाइसवर मटकी-फरसाण घेऊन, वर कांदा टाकून, दुमडून एक कोपरा कटात, म्हणजे वर तेलाचा लाल थर असलेल्या रश्श्यात, बुडवून खाऊन बघा आणि मग भांडायला या. मेहुण्याच्या मते असं फक्त लहान पोरं खातात. मी खातो.

चौथा, कॉलेजवाल्यांचं व्हेज सँडविच, साधं किंवा टोस्ट. बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा, हिरवी चटणी आणि मसाला. मूळ मुंबईचं, पण इथं येऊन त्यात लाल चटणी शिरलीय आणि वरून शेवेचा सडा पडतो.

पाचवा, रात्रीचं आम्लेट-ब्रेड. यात अक्कल कमी आणि भूक जास्त लागते, तरी पुढं दोन शब्द सांगतो.

दाबेली आणि चीज-पनीर-मेयोनीजवाली मंडळी मी मोजत नाही. वाईट नसतात, पण ती खायला कोल्हापूरला यायची गरज नाही. तुम्हाला आवडत असतील तर खुशाल खा, फक्त त्यांना इथली चव म्हणू नका.

घड्याळ बघून निघा

पाहुणे सगळ्यात जास्त फसतात ते वेळेत. पदार्थ चांगला असतो, पण ते चुकीच्या तासाला पोचतात.

मिसळ सकाळची. उद्यमनगरातली फडतरे मिसळ, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, महाद्वार रोडवरची चोरगे मिसळ, ही नावं तुम्ही ऐकलेली असणार. तिथं साडेआठ-नऊच्या आत पोचा. रविवारी त्याहून लवकर. दुपारी एकला जाऊन "कट संपला" ऐकून परतलेले माझ्याच घरातले चार पाहुणे आहेत.

वडा आणि पॅटीस दोनदा बहरतात. सकाळी साधारण आठ ते साडेदहा, आणि पुन्हा चारनंतर. मधल्या वेळेत मिळतो तो सकाळचा वडा, फार तर पुन्हा तेलात बुडवून काढलेला. अशा वड्याचं आवरण गडद आणि कडक असतं आणि आतला बटाटा कोमट राहतो. म्हणून गाडीजवळ गेल्यावर "वडा आहे का?" असं विचारू नका. वडा असतोच. "नवा घाणा कधी?" असं विचारा. या एका प्रश्नानं दोन कामं होतात. गरम वडा मिळतो, आणि समोरच्याला कळतं की याला खाण्यातलं कळतं. पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं तर थांबा.

सँडविचच्या गाड्या कॉलेज सुटल्यावर जाग्या होतात. संध्याकाळी पाच ते सात हा त्यांचा खरा वेळ, कारण तेव्हा भाजी आणि ब्रेड भराभर खपतात, काहीच पडून राहत नाही. रात्री नऊनंतर कापलेल्या काकडीचं काय झालेलं असतं ते तिच्या कडांवरून दिसतं.

विचारायचं कुणाला आणि कसं

"इथलं फेमस काय आहे?" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही ते पाठ असतं. मी तीन प्रश्न वापरतो.

एक, "तुम्ही स्वतः काल कुठं खाल्लं?" कालचं उत्तर बनवून सांगता येत नाही. गुजरीतल्या सराफी दुकानात काम करणारा पोरगा, झेरॉक्सवाला, लॉजच्या काउंटरवरचा रात्रपाळीचा माणूस, हे रोज बाहेर खातात आणि पदरचे पैसे देऊन खातात. त्यांची शिफारस सोन्यासारखी. लॉजच्या मालकाला विचारू नका, तो घरी जेवतो.

दोन, "घरच्यांसाठी पार्सल कुठून नेता?" स्वतःसाठी माणूस जवळचं खातो, घरी नेताना चांगलं नेतो.

तिसरा माझा आवडता, पण त्यासाठी थोडं कोल्हापूर कळायला हवं. इथं प्रत्येक पेठेला आपली तालीम, आपला गणपती आणि आपला फुटबॉल संघ आहे. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की गावात दोन देश तयार होतात. खाण्याचंही तसंच. शिवाजी पेठेत उभं राहून विचाराल तर शिवाजी पेठेतलीच गाडी जगात भारी असते. म्हणून विचारायचं, "आपल्या पेठेतलं राहू दे, बाहेरचं चांगलं कुठलं?" आधी "बाहेर काय नाही ओ" असं येईल. गप्प बसा. थोड्या वेळानं माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "तसं बघाय गेलं तर... तिकडं एक हाय." शिवाजी पेठेतल्या माणसाच्या तोंडून मंगळवार पेठेतल्या गाडीचं नाव आलं की समजायचं, पुढं काही विचारायचं राहिलेलं नाही. उठायचं आणि जायचं.

विचारताना मामा, काका, दादा, मावशी असं काहीतरी आधी लावा. "एक्सक्यूज मी"नं सुरू झालेल्या प्रश्नाला इथं फार सभ्य आणि फार निरुपयोगी उत्तर मिळतं.

फोनवरच्या नकाशाचा उपयोग आहे, पण मर्यादित. तारे बघू नका, लोकांनी टाकलेले फोटो बघा आणि नवे आधी लावा. मालकाच्या फोटोत सगळंच चकाकतं. गिऱ्हाइकाच्या फोटोत चटणीचा डबा, मागची कढई, उभी असलेली माणसं दिसतात. उभ्या माणसांत टिफिनची पिशवी, शाळेचा गणवेश, कामगाराचा शर्ट दिसला तर जा. सगळेच फोटो काढताना दिसत असतील तर पुढं चला. मराठीत लिहिलेले तीन ताऱ्यांचे अभिप्राय जरूर वाचा. चिडलेला माणूस एक तारा देतो, खूश झालेला पाच. तीन देणारा विचार करून लिहितो, "वडा उत्तम, ब्रेड शिळा" असं.

पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहा

गाडी सापडली की लगेच ऑर्डर देऊ नका. मी बाजूला उभा राहून फोनवर बोलतोय असं दाखवतो.

पहिली नजर ब्रेडवर. पुडा कुठं ठेवलाय? कढईच्या वाफेत उघडा पडलेला ब्रेड एका बाजूनं ओला आणि दुसऱ्या बाजूनं वाळलेला असतो. चांगला गाडीवाला पुडा बंद ठेवतो आणि लागतील तशा स्लाइस काढतो. ताजी स्लाइस दुमडली तर तडकत नाही. टोस्टसाठी मात्र अगदी ताजा ब्रेड चालत नाही, तो दाबल्यावर पिठाच्या गोळ्यासारखा होतो. आदल्या दिवशीचा, जरा आवळलेला ब्रेड खरपूस भाजतो. म्हणजे टोस्टवाल्याकडं कालच्या तारखेचा पुडा दिसला तर नाक मुरडू नका, वडावाल्याकडं दिसला तर मुरडा.

मग चटणी. कोथिंबिरीची हिरवी चटणी हवा लागली की काळपट होते, हा तिचा स्वभाव आहे. संध्याकाळी सातलाही जी पोपटासारखी हिरवीगार दिसते तिच्यात रंग असण्याची शंका घ्या. चटणीच्या कडेनं पाणी सुटलेलं दिसलं तर ती एक तर वाढवलेली आहे नाही तर सकाळची. लाल चटणीचं उलटं आहे. तिच्या वर तेलाचा पातळ थर दिसायला हवा, कोरडी भुकटी नको. कांदा-लसूण चटणीत तीळ, खोबरं आणि लसूण चांगले भाजलेले असतील तर पुडा उघडल्याबरोबर वास येतो. नुसतं तिखट डोळ्यांना झोंबत असेल तर तिथं मिरची जास्त आणि बाकी सगळं कमी.

तिसरं तेल. काळं, फेसाळलेलं, धूर सोडणारं तेल दिसलं की ती गाडी सोडून द्या, कितीही गर्दी असली तरी. तळणीच्या तेलात २५ टक्क्यांहून जास्त 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्यावर तयार होणारे घटक, झाले तर ते वापरू नये, असा देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गाडीवर ते मोजणार कोण? पण वडा टाकल्यावर बुडबुडे छोटे, स्वच्छ आणि लगेच विरणारे असतील तर तेल ठीक. साबणासारखा फेस चढत असेल तर नाही.

कागदही बघा. छापील वर्तमानपत्रात गरम तेलकट वडा देऊ नये असं प्राधिकरण कधीपासून सांगतंय, शाई अन्नात उतरते. द्रोण, कोरा कागद किंवा ताटली मागा. मागितलं तर कुणी चिडत नाही.

सँडविचच्या गाडीवर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते, रचण्याचा क्रम. चांगला माणूस आधी दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत लोणी लावतो. चवीसाठी तर खरंच, पण लोण्याचा थर चटणीतलं आणि काकडीतलं पाणी ब्रेडपर्यंत पोचू देत नाही. मग चटणी, मग बटाटा. बटाटा खाली बसला की वरच्या निसरड्या चकत्या हलत नाहीत. काकडी-टोमॅटोवर मसाला तो अगदी शेवटी, दुसरी स्लाइस ठेवायच्या क्षणी टाकतो, कारण मिठानं भाजीला लगेच पाणी सुटतं. जो आधी मीठ भुरभुरून मग गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो, त्याचं सँडविच तिसऱ्या घासाला खालून गळतं. लोण्याचा पुडाही वाचून घ्या. हा गोकुळ आणि वारणेच्या दुधाचा जिल्हा. इथं येऊन पिवळं वनस्पती स्प्रेड लावलेलं सँडविच खाणं म्हणजे रंकाळ्याच्या काठावर बसून बाटलीतलं सरबत पिण्यासारखं.

पावसाळ्यासाठी वेगळी सूचना. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर येते, २०१९ आणि २०२१ चे पूर तर सगळ्यांनी बघितले. त्या दिवसांत कच्ची काकडी, कांदा, पातळ चटणी टाळा. वडा, पॅटीस, टोस्ट असं विस्तवावरून थेट हातात येणारं खा.

मागायचं काय

पहिल्या खेपेला काहीही बदलू नका. "कांदा नको, तिखट कमी, चीज जास्त" असं म्हणालात की तुम्ही खाता ते तुमचं सँडविच, त्याचं नाही. आधी जसं आहे तसं खा, मग दुसऱ्यात खोड्या काढा. तिखट झेपत नसेल तर चटणी वेगळी मागा. "चटणी बाजूला द्या" हे चालतं, "कमी तिखट द्या" याला कोल्हापुरात नक्की अर्थ नाही. इथलं कमी म्हणजे ठाण्याचं जास्त, हे मी अश्रूंसकट सांगतो.

दोघं असाल तर एक घ्या, अर्धं अर्धं करा. पोटात जागा मोजकी असते आणि यादी लांब. मी एका संध्याकाळी तीन ठिकाणं करतो, चौथ्या ठिकाणी जीभ काम करत नाही. एकदा पाच केली होती. पाचव्याबद्दल मी वहीत "ठीक" असं लिहिलंय आणि घरी सगळे म्हणतात की तीच सगळ्यात चांगली होती.

सुटे पैसे ठेवा. फोननं पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, पण हात पिठात असताना माणसाला आवाज येईपर्यंत थांबायला लावणं बरं नाही.

एक फसगतही सांगतो. पुण्याच्या मित्राला घेऊन गेलो होतो. भूक लागलेली, जवळच एक झगमगीत दुकान दिसलं, भिंतभर मेन्यू, चौऱ्याऐंशी प्रकारची सँडविच. मी मोजली, कारण यायला पंचवीस मिनिटं लागली. 'कोल्हापुरी तडका' नावाचं जे आलं त्यात चीज, मका आणि टोमॅटो सॉसमध्ये कालवलेलं लाल तिखट होतं. मित्र म्हणाला, "हे तर आमच्या कोथरूडला पण मिळतं." तेव्हापासून नियम केलाय. ज्याच्याकडं आठहून जास्त प्रकार, त्याच्याकडं जायचं नाही. आणि ज्या पदार्थाच्या नावातच 'कोल्हापुरी' लिहिलंय तो कोल्हापुरात मागवायचा नाही. इथला माणूस वड्याला वडा म्हणतो.

खायचं कसं

वडा-ब्रेडचे पहिले तीन घास लक्ष देऊन खा. पहिला नुसता वडा आणि ब्रेडचा, चटणीशिवाय. त्यात बटाटा आणि तेल कळतं. दुसरा चटणीसकट. तिसरा तळलेल्या मिरचीबरोबर. तिन्हीमध्ये वड्याची चव टिकली तर तो चांगला. चटणीखाली जो हरवला त्याच्या बटाट्यात मीठ कमी होतं किंवा लसूण नव्हता.

मिसळीच्या ब्रेडला घाई लागते. स्लाइस पावापेक्षा पातळ, ती कट भराभर पिते. अख्खी बुडवलीत तर ताटलीतच विरघळते आणि मग चमच्यानं लापशी खावी लागते. फक्त कोपरा बुडवायचा, दोन मोजायचे, उचलायचं. कट सहसा पुन्हा वाढतात, पण आधी ताटलीतला संपवा.

आम्लेट-ब्रेडबद्दल दोनच शब्द म्हणालो होतो. अंड्यात मिरची-कोथिंबीर फोडणीपुरती नाही, मूठभर हवी. आणि ब्रेड आम्लेटच्याच तव्यावर, त्याच तेलात शेकलेला हवा. वेगळा ठेवलेला गार ब्रेड दिला तर शेकून मागा.

तिखट चढलं की पाणी पिऊ नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते फक्त तोंडभर पसरवतं. दुधातली चरबी आणि केसीन नावाचं प्रथिन त्याला धुऊन नेतात. आणि इथं त्यासाठी जगातली सगळ्यात चांगली सोय आहे, गंगावेशचा दूध कट्टा. म्हशी रस्त्यावर उभ्या असतात, तुमच्या समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात येतो. कच्चं दूध पोटाला झेपत नसेल, लहान मूल किंवा गरोदर बाई सोबत असेल, तर तापवलेलं दूध किंवा ताक शोधा. बाकीच्यांनी महाद्वारावरून चालत जावं, दहा मिनिटांत जीभ ताळ्यावर येते.

दोन दिवसांचा आराखडा

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलात तर सामान टाका आणि सरळ मिसळ गाठा. एकाच सकाळी दोन मिसळी करू नका, दुसरीवर अन्याय होतो. त्यानंतर देवळात जा. गाडी आणली असेल तर बिंदू चौकातल्या पार्किंगला लावून पुढं चालतच फिरा, महाद्वार आणि भवानी मंडपाच्या बोळांत चारचाकी घेऊन शिरणाऱ्याला खाण्यात रस उरत नाही. दुपारी जेवण हलकं ठेवा किंवा गाळा.

चार वाजता खासबागेकडं निघा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान, त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ सालचं आणि २०२४ च्या आगीत होरपळलेलं. या दोघांच्या आसपासची खाऊगल्ली हा तुमच्या शोधाचा पहिला टप्पा. राजाभाऊंची भेळ इथलीच. ती सँडविच नाही, तरी खा, अर्धी प्लेट. मग वडा आणि पॅटीस शोधा, वर सांगितलं तसं पाच मिनिटं उभं राहून. तिथून मिरजकर तिकटीपर्यंत चालत गेलात तर पेठांमधल्या गाड्या लागतात, आणि माझा तिसरा प्रश्न तिथंच विचारायचा असतो. तिथं काहीच नाही पटलं तर रंकाळ्याची चौपाटी आहे. हवा चांगली, खाणं मधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काल आवडलेल्या वड्याकडं पुन्हा जा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं. काल गर्दी, भूक आणि नवलाई यांनी चव वाढवली होती का, ते सकाळच्या वड्यानं उघडं पडतं. शिवाय दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला गाडीवाला ओळखतो, आणि "कालचंच ना?" असं विचारून न मागता जास्तीची मिरची ठेवतो. संध्याकाळी राजारामपुरी किंवा सायबर चौकाकडची कॉलेजची गर्दी गाठून टोस्ट सँडविच खा. गॅसवर हातात धरायच्या चिमट्याच्या टोस्टरमध्ये भाजलेलं मिळालं तर ते घ्या, विजेच्या ग्रिलवरचं नको. चिमट्यात कडा चिकटून बंद होतात, आतली वाफ आतच राहते आणि बटाटा अंगच्या चटणीत शिजतो.

वहीत तीनच गोष्टी लिहा: गाडी कुठं उभी होती, किती वाजता खाल्लं, आणि पुन्हा जाणार का. दहापैकी गुण वगैरे देत बसलो तेव्हा सगळ्यांना साडेसात पडायचे.

बांधून नेताना

रात्रीच्या गाडीला पार्सल न्यायचं असेल तर वडा-ब्रेड जोडून बांधू देऊ नका. वडे वेगळे, आणि गरम असताना झाकण बंद नको, वाफेनं आवरण मऊ पडतं. ब्रेड पुड्यातच ठेवा, चटणी पिशवीत, मिरच्या कागदात. मेहुणा प्रत्येक वेळी हे सगळं चार गाठी मारून हातात देतो आणि प्लॅटफॉर्मवरून बजावतो, "दाजी, मिरज यायच्या आत संपवा." एकदा ठाण्यापर्यंत आणून बघितलं. सकाळी सातला ते गार वडे बायकोनं कुस्करले, फोडणी दिली आणि भाजी म्हणून डब्यात घातले. डबा माझा होता.